घशाशी अडलेला घास

प्रस्तावना

अन्न गिळणे ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एखादा घास अडकला, तर माणूस पाण्याचा घोट घेतो आणि पुढचा घास उचलतो. परंतु घास वारंवार अडकू लागला, तर ती शरीराने दिलेली सूचना असते. दोष नेहमी घशातच असतो असे नाही. कधी कधी त्याचे मूळ रक्तात, रक्तातील लोहाच्या कमतरतेत असते. घसा आणि रक्त यांचा हा संबंध कसा जुळतो, तो कसा ओळखावा आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होऊ शकते, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
• लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयाची लक्षणे सांगणे;
• गिळण्याचा त्रास आणि रक्तक्षय यांतील संबंध स्पष्ट करणे;
• तपासणी, उपचार व आहार यांविषयी योग्य निर्णय घेणे.

पेरुंगुडीतील एक घर

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, जुन्या महाबलीपुरम रस्त्याला लागून पेरुंगुडी ही वस्ती आहे. जवळच पल्लिकरणैची विस्तीर्ण पाणथळ जमीन आहे. एके काळी हे शहराबाहेरचे गाव होते. पुढे येथे कारखाने आले, त्यांच्यामागून संगणक क्षेत्रातील कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि २०११ साली ही वस्ती चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाली. नोकरीसाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे येऊन राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

अशाच एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा संगणक अभियंता. सून घरूनच काम करणारी. आणि सांगली जिल्ह्यातून त्यांच्याकडे राहायला आलेली, सत्तेचाळीस वर्षांची आई. हे कुटुंब कल्पित आहे. परंतु या आईच्या बाबतीत जे घडते, ते वैद्यकशास्त्राच्या चांगल्या परिचयाचे आहे.

गावी असताना ही आई ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवत नसे. पेरुंगुडीत आल्यावर तिने हळूहळू भाकरी सोडली. आधी ती भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागली, मग नुसता वरणभात आणि शेवटी बहुतेक वेळा दहीभात. घरातल्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, ‘आईला इकडचे जेवण मानवले’ असे सगळे कौतुकाने म्हणत. ती जेवायला सर्वांच्या शेवटी बसे, त्यामुळे तिला एकेक घास गिळायला किती वेळ लागतो हे कोणी पाहिले नव्हते. जिना चढताना तिला धाप लागे. ते वयावर गेले. ओठांचे कोपरे चिरत. ते हवेवर गेले. घास घशाशी अडतो, ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. दुखत नव्हते, मग सांगायचे काय, असा तिचा विचार होता.

एके दिवशी सुनेने केलेल्या थालीपिठाचा तुकडा तिच्या घशात अडकला. खोकून खोकून ती घाबरीघुबरी झाली. तेव्हा मुलाने विचारले, “आई, असे आधी कधी झाले होते का?” आई म्हणाली, “दोन वर्षे होतेय रे. पातळ खाल्ले की काही होत नाही.”

या एका वाक्यात पुढील सर्व विवेचनाचे सूत्र आहे.

गिळण्याची क्रिया

घास तोंडातून पोटात जाण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दात अन्न चावतात, लाळ ते ओलसर करते आणि जीभ त्या घासाला मागे ढकलते. हा टप्पा माणसाच्या इच्छेवर चालतो. दुसरा टप्पा घशातला असून तो आपोआप घडतो. घास घशात येताच श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, श्वास क्षणभर थांबतो आणि सुमारे एका सेकंदात घास अन्ननलिकेच्या दाराशी पोहोचतो. तिसऱ्या टप्प्यात अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावतात आणि घासाला खाली जठरात नेऊन सोडतात.

अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. तिच्या आतल्या बाजूस मऊ अस्तर असते. अन्नाच्या सततच्या घर्षणामुळे या अस्तराच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी सतत तयार होत राहतात. जिभेचे व तोंडाच्या आतील अस्तरही असेच वेगाने नवे होत असते. नव्या पेशी घडवण्यासाठी शरीराला ज्या द्रव्यांची गरज असते, त्यांत लोह हे एक महत्त्वाचे द्रव्य आहे.

शरीरातील लोहाचा हिशेब

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग रक्ताच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या द्रव्यात असतो. हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचवते. उरलेले लोह यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत साठवलेले असते; थोडे स्नायूंत आणि पेशींचे काम चालवणाऱ्या विकरांत असते.

शरीर लोहाच्या बाबतीत मोठे काटकसरी आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती नष्ट झाली की तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. त्यामुळे निरोगी पुरुषाच्या शरीरातून दिवसाला केवळ १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह बाहेर जाते. मात्र रक्त वाहून गेले की त्याबरोबर लोहही जाते. निरोगी माणसाच्या १ मिलिलीटर रक्तात जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मासिक पाळीत ८० मिलिलीटर रक्त गेले, तर सुमारे ३५ ते ४० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. दुसऱ्या बाजूस, शाकाहारी जेवणातील लोहाचा फार थोडा भाग आतड्यांत शोषला जातो. जमा कमी आणि खर्च जास्त असा हिशेब महिनोन्‌महिने चालला, की आधी साठा संपतो आणि नंतर हिमोग्लोबिन घटू लागते. यालाच लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय म्हणतात. बोलीभाषेत ‘अंगात रक्त कमी आहे’ असे म्हणतात, ते हेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलीटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषाच्या रक्तात १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर त्या व्यक्तीला रक्तक्षय आहे असे समजतात.

रक्तक्षयाच्या खुणा बहुधा सर्वांच्या पाहण्यात असतात. थकवा, धाप, छातीत धडधड, डोके दुखणे, डोळ्यांच्या खालच्या पापणीच्या आतील भाग पांढुरका दिसणे या त्यांपैकी काही होत. कमतरता दीर्घकाळ राहिली तर नखे ठिसूळ होतात आणि चमच्यासारखी खोलगट बनतात. जीभ गुळगुळीत व लालसर होते, तिखट लागले की चुरचुरते. ओठांचे कोपरे चिरतात. काहींना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची विलक्षण ओढ लागते. अशा व्यक्तीची चेष्टा न करता तिचे रक्त तपासून घ्यावे.

लोह कमी झाले की घास का अडतो?

दीर्घकाळ लोहाची कमतरता असलेल्या काही व्यक्तींच्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात, स्वरयंत्राच्या मागील बाजूस, अस्तराचा एक पातळ पडदा तयार होतो. तो नळीच्या आतल्या बाजूला कडेने वाढतो आणि वाट अरुंद करतो. अरुंद झालेल्या वाटेतून पाणी, ताक, पातळ भात सहज जातात. पण भाकरी, चपाती, मांसाचा तुकडा असे घट्ट पदार्थ तेथे अडतात. रक्तक्षय, गिळण्याचा त्रास आणि अन्ननलिकेतील असा पडदा या तीन गोष्टी एकत्र आढळल्या, की त्या लक्षणसमूहाला ‘प्लमर-व्हिन्सन लक्षणसमूह’ म्हणतात.

हा पडदा नेमका कसा तयार होतो, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे : लोहावर अवलंबून असलेल्या विकरांचे काम मंदावते, त्यामुळे वेगाने नव्या होणाऱ्या अस्तराची नीट दुरुस्ती होत नाही, ते झिजते आणि गिळण्याच्या स्नायूंची शक्तीही कमी होते. गुळगुळीत जीभ, चिरलेले ओठ आणि घशातील पडदा ही एकाच कमतरतेची वेगवेगळ्या जागी उमटलेली चिन्हे होत.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना, विशेषतः चाळिशीच्या पुढच्या स्त्रियांना, पुष्कळ अधिक होतो. रक्तक्षय असलेल्या प्रत्येकीला तो होतो असे मात्र नाही. रक्तक्षय सर्वत्र आढळतो. हा लक्षणसमूह विरळा आहे.

नावामागचा इतिहास

हेन्री प्लमर आणि पोर्टर व्हिन्सन हे अमेरिकेतील मेयो क्लिनिक या प्रसिद्ध रुग्णालयाचे डॉक्टर होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्यांनी अशा रुग्णांची वर्णने लिहिली. त्याच सुमारास, १९१९ साली, ब्रिटनमध्ये कार्डिफचे डोनाल्ड पॅटरसन आणि ग्लासगोचे ॲडम ब्राऊन केली या घशाच्या डॉक्टरांनीही हाच विकार स्वतंत्रपणे नोंदवला. म्हणून ब्रिटनमध्ये त्याला ‘पॅटरसन-ब्राऊन केली लक्षणसमूह’ असे नाव पडले.

या विकाराचे गांभीर्य जगाला कळले ते स्वीडनमुळे. १९३६ साली स्टॉकहोममधील आल्बोम या डॉक्टरांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. घशाच्या खालच्या भागात कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी अनेकींना आधी हा लक्षणसमूह झालेला होता. अनेक वर्षे लोहाविना झिजलेल्या अस्तरात कर्करोगाचा धोका वाढतो, ही गोष्ट त्यानंतर मान्य झाली. पुढे स्वीडनमध्ये आहार सुधारला, पिठात लोह मिसळण्यास १९४० च्या दशकात आरंभ झाला आणि गरोदर स्त्रियांना लोह मिळू लागले. त्यानंतरच्या काळात हा विकार तेथे दुर्मीळ होत गेला. घशाचा एक रोग मागे हटला, तो मुख्यतः स्वयंपाकघरात आणि पिठाच्या गिरणीत झालेल्या बदलामुळे. १९९५ साली स्वीडनने पिठात लोह मिसळणे बंदही केले.

दुष्टचक्र

पेरुंगुडीतील आईचे वाक्य येथे पुन्हा आठवावे : ‘पातळ खाल्ले की काही होत नाही.’ या विकारात दुखत नाही. त्रास वर्षानुवर्षे, अगदी सावकाश वाढतो. त्यामुळे माणूस स्वतःच्या नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. भाकरी सुटते, उसळ सुटते, कोशिंबीर सुटते, सुके मासे किंवा मटण सुटते. उरतो तो दहीभात, चहात बुडवलेले बिस्किट आणि पेज.

नेमका येथेच घात होतो. ज्या पदार्थांतून लोह मिळते, तेच पदार्थ चावायला व गिळायला कठीण असतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, मांस आणि मासे ताटातून गेले की लोहाची आवक आणखी घटते. पांढऱ्या भातात आणि दह्यात लोह अत्यल्प असते. जेवणासोबत घेतलेला चहा तर आहे ते लोहही शोषू देत नाही. लोह घटते म्हणून घास अडतो आणि घास अडतो म्हणून लोह आणखी घटते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र माणूस शांतपणे जेवताना दिसतो.

या चक्राला घरातील रीतही हातभार लावते. अनेक घरांत स्त्री सर्वांना वाढून शेवटी जेवते. तिच्या वाट्याला काय आले, तिने किती खाल्ले, तिला किती वेळ लागला, हे कोणी पाहत नाही. म्हणून या विकाराचे पहिले निदान रुग्णालयापेक्षा घराच्या पंगतीत होऊ शकते. सर्वांनी एकत्र जेवणे ही या दृष्टीने आरोग्याची सवय ठरते.

डॉक्टरांपुढे काय सांगावे?

मुलगा आईला जवळच्या रुग्णालयात घेऊन गेला. डॉक्टर तमिळ व इंग्रजी बोलत. आईला दोन्ही येत नव्हते. मुलगा दुभाषा झाला. डॉक्टरांनी आईची नखे पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. मग त्यांनी पाळीत रक्तस्राव किती होतो, असे विचारले. मुलाने संकोचाने प्रश्न सांगितला. आई खाली पाहत म्हणाली, “ठीक आहे.” प्रत्यक्षात गेली तीन वर्षे तिची पाळी आठ-आठ दिवस चालत असे. मुलासमोर ते सांगणे तिला शक्य नव्हते.

दुसऱ्या खेपेस सून सोबत गेली आणि खरी हकिकत बाहेर आली. ही गोष्ट परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. रुग्ण स्त्री असेल तर दुभाषाचे काम शक्यतो स्त्रीने करावे. ती उपलब्ध नसेल तर परिचारिकेची मदत मागावी. डॉक्टरांनी विचारलेला एकही प्रश्न गाळू नये आणि उत्तर सौम्य करून सांगू नये. त्रास कधी सुरू झाला, कोणता पदार्थ अडतो, घास कोठे अडल्यासारखा वाटतो, वजन घटले का, शौचावाटे रक्त किंवा काळसर मल जातो का, कोणती वेदनाशामक औषधे चालू आहेत, हे सर्व आधी कागदावर लिहून नेल्यास उत्तम.

तपासण्या

पहिली तपासणी साध्या रक्ताची असते. त्यात हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींचा आकार कळतो. लोह कमी असेल तर या पेशी लहान व फिकट होतात. शरीरातील लोहाचा साठा ‘फेरिटिन’ या तपासणीवरून समजतो. आईचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमहूनही कमी निघाले.

त्यानंतर घशाची तपासणी करतात. बेरियम हे पांढरे द्रव्य रुग्णाला गिळायला देऊन त्याच वेळी क्ष-किरण चित्रे घेतात. अन्ननलिकेतून उतरणाऱ्या पांढऱ्या धारेत पडद्याच्या जागी खाच पडलेली दिसते. दुसरी तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपीची. बारीक, लवचीक नळी तोंडावाटे आत घालून डॉक्टर अस्तर प्रत्यक्ष पाहतात. शंका आल्यास अस्तराचा कण काढून तपासणीसाठी पाठवतात.

घास अडण्याची इतरही कारणे आहेत. जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिका आकुंचित होऊ शकते. पक्षाघातानंतर घट्ट अन्नाबरोबर पाणीही गिळणे कठीण होते. मनावर ताण असताना घशात गोळा असल्यासारखे वाटते, पण अन्न नीट उतरते. आणि काही आठवड्यांतच आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ अन्नही अडू लागले, वजन झपाट्याने उतरले किंवा आवाज बसला, तर कर्करोगाची शक्यता तातडीने तपासावी लागते. तंबाखू, मिश्री, विडी किंवा दारूचे व्यसन असलेल्यांनी तर एक दिवसही दवडू नये.

पेरुंगुडीच्या उत्तरेस अड्यार येथे १९५४ साली कर्करोग संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापिका डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी आपली धाकटी बहीण कर्करोगाने गमावली होती. त्या दुःखातून या संस्थेचा संकल्प उभा राहिला. गाठ किंवा अडथळा वेळेत ओळखला जाणे किती मोलाचे असते, याची आठवण ही संस्था करून देते.

उपचार

या लक्षणसमूहाचा मुख्य उपचार लोह हाच आहे. पडदा लहान असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत गिळणे सुधारू लागते. पडद्याने वाट बरीच अडवली असेल, तर दुर्बिणीच्या साहाय्याने निमुळती नळी किंवा छोटा फुगा वापरून ती वाट रुंद करतात. त्यासाठी सहसा मोठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. गोळ्या सोसत नसतील किंवा रक्तक्षय तीव्र असेल, तर शिरेवाटे लोह देतात.

लोहाच्या गोळ्या घेताना काही पथ्ये पाळावीत. चहा, कॉफी किंवा दुधासोबत गोळी घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळा होतो. त्याला घाबरू नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आले तरी साठा भरून निघण्यासाठी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात. बहुतेक लोक येथेच चुकतात. बरे वाटले की गोळ्या बंद करतात आणि वर्षभरात पुन्हा पहिल्या जागी येतात. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अधिक प्रमाणात गेल्यास त्या विषारी ठरतात.

तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने लोह घेत राहणेही योग्य नाही. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक विकारांतही हिमोग्लोबिन कमी असते, पण तेथे उपचार वेगळे असतात. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आढळतात.

लोह देण्याबरोबरच ते कोठून गळते आहे हे शोधणे तितकेच आवश्यक असते. आईच्या बाबतीत गर्भाशयातील गाठींमुळे रक्तस्राव होत होता. त्यावर स्वतंत्र उपचार झाले. पुरुषांत किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रियांत लोह कमी झाले, तर जठरातील व्रण, मूळव्याध किंवा आतड्यांतील कर्करोग यांपैकी काही आहे का हे पाहावेच लागते. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यांत राहून रक्त शोषतात. एकदा हा लक्षणसमूह झालेल्या व्यक्तीने बरे वाटल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळोवेळी घशाची तपासणी करून घ्यावी, कारण कर्करोगाचा धोका पूर्णपणे संपलेला नसतो.

ताटातील लोह

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. म्हणजे ज्या व्यक्तीच्या ताटात बहुधा सर्वांत शेवटी वाढले जाते, तिचीच गरज अधिक असते.

बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या, अळीव व तीळ यांतून लोह मिळते. मांस, कलेजी व मासे यांतील लोह अधिक सहजतेने शोषले जाते. शाकाहारी जेवणात आंबट पदार्थांची जोड द्यावी. उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळा किंवा पेरू घेणे या साध्या युक्तींनी शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्यानेही फायदा होतो. लोखंडी कढईत आणि तव्यावर शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर निदान एक तासाने घ्यावा. मात्र रक्तक्षय जडल्यावर केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही. तेव्हा औषधच घ्यावे लागते.

घराबाहेरचा विचार

रक्तक्षय हा एकट्यादुकट्या घराचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. तमिळनाडूत स्त्रियांचे प्रमाण ५३.४ टक्के, तर महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळले. सांगलीहून पेरुंगुडीला आले तरी या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासाशी मुंबईचे जुने नाते आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेत आणि पुढे तमिळ मुलखातील कुन्नूर येथेही त्यांनी काम केले. काही स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे स्पष्ट झाले. आज सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते, त्यामागे मुंबईच्या गिरणगावातील त्या स्त्रियांच्या अभ्यासाचा वाटा आहे.

भारतात १९७० पासून रक्तक्षय टाळण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर गोळ्या वाटल्या जातात. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या मोहिमेत मुले, किशोरवयीन, गरोदर व स्तनदा माता अशा सर्वांसाठी लोहाच्या मात्रा ठरवून देण्यात आल्या. गोळी घरापर्यंत पोहोचते. ती पोटात जाणे मात्र घरातल्यांच्या जाणिवेवर अवलंबून असते.

समारोप

उपचार सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी पेरुंगुडीतील आईने सुनेकडे ज्वारीचे पीठ मागितले. त्या दिवशी ती सर्वांबरोबर जेवायला बसली आणि अर्धी भाकरी तिने आमटीत न कुस्करता खाल्ली. ‘इकडचे जेवण मानवले’ म्हणून ज्याचे कौतुक झाले होते, ते खरे तर दुखणे होते, हे घरातल्यांना तेव्हा उमगले.

मनुष्य दुखण्याशी जुळवून घेतो, ही त्याची शक्ती आहे. पण तीच कधी कधी रोगाला आडोसा देते. घरातील कोणी एखादा आवडता पदार्थ गुपचूप सोडला असेल, तर त्यामागचे कारण विचारावे. विचारण्याला पैसे पडत नाहीत, आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीने पुढचा मोठा अनर्थ टळू शकतो.

शब्दार्थ

रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, पंडुरोग
अस्तर – नळीच्या किंवा पोकळीच्या आतील बाजूचे आवरण
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य
लक्षणसमूह – एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा गट
प्लीहा – पोटाच्या डाव्या बाजूस असणारा, रक्ताशी संबंधित अवयव
अंकुशकृमी – आतड्यांत राहून रक्त शोषणारे जंत
दुभाषा – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा

स्वाध्याय

१. प्लमर-व्हिन्सन लक्षणसमूहात कोणत्या तीन गोष्टी एकत्र आढळतात?
२. ‘लोह घटते म्हणून घास अडतो आणि घास अडतो म्हणून लोह आणखी घटते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. पेरुंगुडीतील आईने डॉक्टरांच्या प्रश्नाला पहिल्या खेपेस खरे उत्तर का दिले नाही? त्यावर कोणता उपाय सापडला?
४. स्वीडनमध्ये हा विकार कशामुळे कमी झाला?
५. आपल्या घरातील एका दिवसाचे जेवण लिहून काढा. त्यात लोह देणारे पदार्थ कोणते आणि ते कोणाच्या ताटात किती आले, याची नोंद करा.